पांढरी केलेली कवटी उन्हाळ्यात पुन्हा पिवळी का पडते?

"मामा, परत पिवळी पडली." मार्च संपत आला की हे वाक्य मला दरवर्षी ऐकायला मिळतं. दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या विद्यार्थ्याने बोकडाची कवटी साफ केलेली असते, पांढरीशुभ्र करून लाकडी पाटावर बसवलेली असते. डिसेंबरच्या प्रदर्शनात सगळे तिचं कौतुक करतात. उन्हाळा लागला की शिंगांच्या बुडाशी, कवटीच्या मागच्या बाजूला आणि खालच्या जबड्याच्या कोपऱ्यात पिवळे-तपकिरी डाग उमटतात. मग तो पुन्हा हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणतो, कवटी पुन्हा पांढरी होते, आणि पुढच्या वैशाखात पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या फेरीला हाडाचे पापुद्रे सुटायला लागतात, आणि तेव्हा कुठे ती कवटी माझ्याकडे येते.

मी सोलापूरकडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. आमच्या कपाटातल्या बऱ्याचशा कवट्या माझ्या हातून गेल्या आहेत, आणि सुरुवातीच्या चार-पाच मी स्वतः बिघडवल्या आहेत. त्यामुळे हा पिवळेपणा मला चांगला ओळखीचा आहे.

पेरॉक्साइड कमी पडलं म्हणून तो येत नाही. हाड बाहेरून दगडासारखं घट्ट दिसत असलं तरी आत ते पावासारखं जाळीदार असतं आणि त्या जाळीत चरबी भरलेली असते. पेरॉक्साइड वरच्या थरातल्या चरबीचा रंग तेवढा घालवतं, चरबी जागच्या जागीच राहते. थंडीत ती थिजलेली असते म्हणून काही कळत नाही. हिवाळ्यात मटणाचा रस्सा गार झाला की ताटाच्या कडेला पांढरी चरबी धरते, तशीच. एप्रिल-मेमध्ये खोलीत ४० अंश झाले की ती मऊ होऊन पृष्ठभागावर झिरपते, हवा लागून पिवळी पडते, आणि जुन्या खोबऱ्यासारखा खवट वास मारू लागते. त्या वासावरून मी डोळे मिटूनही सांगू शकतो की ही कवटी तेलकट राहिली आहे.

आधी खात्री करून घ्या

पिवळं दिसलं की चरबीच असेल असं नाही, म्हणून लगेच पाण्यात टाकू नका. कवटी पूर्ण वाळलेली हवी, म्हणजे सावलीत निदान आठ दिवस. ओल्या हाडावर तेलकटपणा अजिबात ओळखू येत नाही, आणि निम्म्या लोकांचा घोळ इथेच होतो. टबातून काढलेली कवटी एकसारखी पांढरी दिसते, त्यांना वाटतं झालं काम.

वाळल्यावर ती खिडकीशी धरून बघा. कोरडं हाड खडूसारखं मंद, अपारदर्शक दिसतं. चरबी असलेली जागा भजी ठेवलेल्या वर्तमानपत्रासारखी दिसते: थोडी काळपट, थोडी चमकदार, आतून उजेड आल्यासारखी. शंका असेल तर कवटीखाली कोरा पांढरा कागद घालून ती दोन-तीन दिवस घरातल्या सगळ्यात गरम जागी ठेवा. पत्र्याखालची खोली असेल तर उत्तम. कागदावर तेलाचा डाग उमटला की प्रश्न मिटला.

कागद कोरा राहिला आणि तरीही हाड पिवळं असेल तर कारण दुसरं आहे. वरून व्हार्निश किंवा लाकडाचं पॉलिश मारलं असेल तर ते स्वतःच काही महिन्यांत पिवळं पडतं. एकसारखी चहाच्या पाण्यासारखी छटा असेल तर ती मांस कुजवतानाच्या पाण्याची आहे, आणि ती पेरॉक्साइडने कायमची जाते. नारिंगी ठिपके खिळ्याच्या किंवा पत्र्याच्या बादलीच्या गंजाचे असतात. दातांच्या खोबणीभोवती लालसर-तपकिरी छटा राहिली असेल तर ते रक्त. पहिल्याच दिवशी गरम पाणी घातल्याने ते मुरलेलं असतं, म्हणून सुरुवातीला नेहमी गार पाणी.

चरबी काढायची कशी

आधी कवटी पाटावरून सोडवा. व्हार्निश असेल तर ते पूर्ण काढल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण त्या थरातून चरबी बाहेर यायला वाटच नसते. शिंगांच्या खोळा निघत असतील तर काढून ठेवा. शिंगाच्या आतला हाडाचा गाभा बोकडात कपाळाच्या पोकळीला जोडलेला असतो आणि तिथे हमखास तेल साठतं. खोळ न काढता केलेली कवटी पिवळी पडायला सुरुवात बहुतेक वेळा शिंगाच्या बुडापासूनच होते.

मग प्लास्टिकची झाकणाची बादली, कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड. दहा लिटरला दोन-तीन मोठे चमचे पुरतात. साबणाची वडी किसून घालू नका. आमच्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात साबणाचा पांढरा चिकट साका तयार होतो आणि तो हाडाच्या छिद्रांत जाऊन बसतो. कपड्यांची पावडरही नको. पुष्कळ पावडरींमध्ये एन्झाइम असतात, ते आठवडेच्या आठवडे हाडातलं प्रथिनही खातात. धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक तर मुळीच नको.

सगळी किल्ली पाण्याच्या उष्णतेत आहे. बोकडाची चरबी चिवट. गार पाण्यात ती मेणासारखी घट्टच राहते, मग लिक्विड कितीही ओता. पाणी ४५ ते ५० अंशांवर राहिलं पाहिजे, त्याहून फार वर नको. मत्स्यालयाचा हीटर लावून बघणारे बरेच जण असतात, पण ते हीटर साधारण ३४ अंशांपर्यंतच जातात. मांस कुजवण्याच्या टप्प्याला ते फार चांगले, चरबीला कमी पडतात.

इथे आपला उन्हाळा कामाला येतो. एप्रिलमध्ये सोलापुरात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं, ते सगळ्यांना माहीत आहे. मी एक लहान काळा ड्रम गच्चीवर ठेवतो, झाकण घट्ट न लावता नुसतं टेकवून, आणि कवटी त्यात सोडतो. दुपारी पाणी तापतं, रात्री हळूहळू निवतं. थर्मामीटरने बघतो, ५० च्या वर जायला लागलं की ओलं पोतं टाकतो. कोकणात किंवा पावसाळ्यात हे जमणार नाही. तिथे दिवसातून दोनदा गिझरचं पाणी घालून बादली जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवावी लागते. तेही चालतं, वेळ जास्त लागतो.

पहिल्या दोन दिवसांतच पाणी ताकासारखं गढूळ होईल, कडेला पिवळसर कड धरेल. चार-पाच दिवसांनी पाणी बदला. बदलताना नवं पाणी जुन्याइतकंच गरम असू द्या. गरम कवटी नळाच्या गार धारेखाली धरली की दातांना उभे तडे जातात. तो टिक् असा आवाज मी ऐकला आहे, आणि त्यावर नंतर काही उपाय नसतो. पाणी बदलत राहायचं, सलग दोन वेळा ते जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत. बोकडाला मला तीन ते सहा आठवडे लागतात. म्हशीला त्याच्या दुपटीहून जास्त. डुकराची कवटी काही महिने घेते, त्यासाठी मनाची तयारी ठेवा.

मग पुन्हा आठ दिवस सावलीत वाळवणं आणि पुन्हा कागद. डाग आला तर पुन्हा ड्रम. मुलं इथे कंटाळतात, आणि मला त्यांचं वाईट वाटतं, पण मधला रस्ता नाही. म्हशीच्या जाड जबड्यातून काही केल्या तेल सुटत नसेल तर आतल्या, न दिसणाऱ्या बाजूने दोन मिलिमीटरची दोन-तीन भोकं पाडून द्यावीत, म्हणजे पाणी आतपर्यंत पोचतं. बोकडाला त्याची गरज सहसा पडत नाही.

अॅसिटोनने काम लवकर होतं, हे खरं आहे. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही ते वापरतो, पूर्ण वाळलेल्या हाडावर, बंद काचेच्या बरणीत, ज्वाला आणि स्विचबोर्डपासून लांब. घरी करू नका. त्याची वाफ पेट घ्यायला एक ठिणगी पुरते. पेट्रोल वापरण्याचा विचार तर मनातही आणू नका.

चरबी पूर्ण निघाल्यावरच पांढरं करायचं. औषधांच्या दुकानात मिळणारी २० व्हॉल्यूमची बाटली म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, ते बोकडाला पुरेसं आहे. प्रयोगशाळेतलं ३० टक्क्यांचं असेल तर एक भाग पेरॉक्साइडला चार भाग पाणी. हातमोजे आणि चष्मा हवाच. ३० टक्क्यांचा थेंब कातडीवर पडला की जागा पांढरी होऊन जबरदस्त चुणचुणते. भांडं प्लास्टिकचं, झाकण सैल. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो, घट्ट बूच लावलेली बरणी फुटते. गरम करू नका, धातूची तार आत ठेवू नका. एक-दोन दिवसांत काम होतं. पूर्वी चार फेऱ्यांत न झालेलं काम आता एका फेरीत झालेलं दिसेल, कारण या वेळी मध्ये चरबी नाही.

चरबी आत शिरली कशी

बोकडाच्या कवटीत एवढा हट्टी तेलकटपणा असायचं खरं तर कारण नाही. "मांस कसं काढलं होतंस?" असं मी विचारतो, आणि उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं: कुकरमध्ये. तीन शिट्ट्या, पाच शिट्ट्या. मांस झटक्यात सुटतं, म्हणून ही पद्धत सगळ्यांना सोपी वाटते. पण उकळताना मांसातली आणि मेंदूतली सगळी चरबी पातळ होते आणि हाडाच्या छिद्रांत शिरते. जी साफ करायची, तीच आपण आत भरतो.

दुसरं नुकसान याहून मोठं आहे. पायाचं सूप फ्रिजमध्ये ठेवलं की थिजून थरथरतं ना, ते थिजणारं द्रव्य हाडातलं आणि शिरांतलं प्रथिन असतं. कोरड्या हाडाच्या वजनात अंदाजे एक तृतीयांश भाग अशा जैविक द्रव्याचा, बाकी खनिज. खनिजाला बांधून ठेवणारं ते प्रथिन उकळून सुपात गेलं की कवटीत उरतो ठिसूळ सांगाडा. नाकाची पातळ हाडं सुटतात, कपाळाचे सांधे उघडतात.

हाच तोटा घरात फरशी पुसायला असणाऱ्या ब्लीचचा. सोडियम हायपोक्लोराइट प्रथिनाला थेट जाळतं. कवटी दोन तासांत लख्ख होते, आणि काही महिन्यांनी बोटाला खडूसारखी भुकटी लागायला सुरुवात होते, कारण छिद्रांत अडकलेलं ब्लीच धुऊन पूर्ण निघत नाही. ही भुकटी परत हाड होत नाही. संग्रहालयात वापरतात तो पॅरॅलॉइड बी-७२ नावाचा राळेसारखा पदार्थ अॅसिटोनमध्ये पातळ विरघळवून कुंचल्याने मुरवला तर आहे ते धरून राहतं, एवढंच. पण तेही चरबी काढल्यानंतरच. टॉयलेटचं अॅसिड आणि व्हिनेगर उलट्या बाजूने खातात, ते खनिजच विरघळवतात.

मग मांस काढायचं कसं? साध्या पाण्यात कुजवून. मुंडी घेताना खाटकाला दुकानातच सांगा की भाजायची नाही, शिंगं तोडायची नाहीत, आणि भेजा काढायला सत्तूर घालायचा नाही. हे तीनदा सांगावं लागतं, कारण त्यांचा हात सवयीने चालतो. भाजलेल्या मुंडीचं हाड ठिकठिकाणी करपतं आणि तो काळपटपणा जात नाही. कातडी, जीभ, डोळे, जेवढं मांस सुरीने निघेल तेवढं काढा. मेंदू मानेच्या बाजूच्या मोठ्या छिद्रातून वाकवलेल्या तारेने ढवळून, पाण्याच्या धारेने बाहेर काढा. मग झाकणाच्या बादलीत साधं पाणी, सावलीत, घरापासून लांब. पाण्यातले जिवाणूच काम करतात आणि त्यांना ऊब आवडते. एप्रिलमध्ये माझ्याकडे दहा-पंधरा दिवसांत मांस सुटतं, डिसेंबरमध्ये महिना उलटतो. वास येतो, तो येणारच. पाणी बदलताना थोडं जुनं पाणी शिल्लक ठेवा, म्हणजे जिवाणूंची वस्ती टिकते. ओतलेलं पाणी झाडाच्या आळ्यात, वर माती.

सुक्या मासळीत होणारे काळे किडे आणि त्यांच्या केसाळ अळ्या कोकणातल्या प्रत्येक घराने पाहिल्या असतील. त्यांच्याच जातीचे डर्मेस्टीस भुंगेरे जगभरातली संग्रहालयं कवट्या साफ करायला पाळतात. नाकातल्या कागदासारख्या पडद्यांनाही ते धक्का लावत नाहीत. पण भुंगेरे मांस खातात, हाडातली चरबी नाही. त्यांच्यानंतरही ड्रम चुकत नाही. शिवाय सुटले तर शेजारच्या कपाटातले पेंढा भरलेले पक्षी आणि शिंगांच्या खोळा खातात. आमच्याकडे मी ते ठेवत नाही.

दात आणि शिंगं

कुजवणीचं पाणी ओतताना बादलीखाली मच्छरदाणीचं कापड धरा. बोकडाला वरच्या पुढच्या बाजूला दात नसतातच, खाली पुढे आठ असतात, आणि ते एकमुळी असल्याने पाण्याबरोबर निसटतात. दोन दाती, चार दाती म्हणून आपण जनावराचं वय याच दातांवरून सांगतो. ते हरवले तर कवटीचं वय सांगायची खूण गेली. मी थर्मोकोलच्या तुकड्यावर जबड्याची आकृती काढतो आणि प्रत्येक दात काढल्या जागी टोचून ठेवतो. खालचा जबडा मधोमध सुटून दोन तुकडे झाला तर घाबरू नका, शेळ्या-मेंढ्यांत तो सांधा पक्का जुळलेला नसतो. दात आणि जबडा सगळं वाळल्यावर फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने बसवा. चूक झाली तर कोमट पाण्याने तो सुटतो. लगेच चिकटणारा गोंद वापरला तर भोवती पांढरट धूर धरतो आणि सुटत नाही.

खोळा पेरॉक्साइडमध्ये घालू नका, शिंगाचा रंग मरतो. धुऊन, आतून पुसून, वाळवून शेवटी गाभ्यावर परत बसवा. बसवलेल्या कवटीला बुडाशी लहान भोकं आणि खाली पिवळट भुसा दिसला तर कीड लागली आहे. ती कवटी त्याच दिवशी पिशवीत घालून बाकीच्यांपासून लांब ठेवा.

मुंडी कुठली घ्यायची

नेहमीच्या दुकानातली, तपासून कापलेल्या जनावराची. गावात अचानक मेलेल्या जनावराचं डोकं कधीही उचलू नका. नाकातोंडातून काळपट, न गोठणारं रक्त आलं असेल तर तो फाशी रोग (अँथ्रॅक्स) असू शकतो, तसं जनावर उघडायचंसुद्धा नसतं. त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि माणसाला होतात. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

रानातून सापडलेली हरणाची कवटी, चितळाचं गळून पडलेलं शिंगसुद्धा, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे सरकारी मालमत्ता आहे. सापडलं असलं तरी घरी आणता येत नाही, वनखात्याला सांगायचं. गाईंच्या कत्तलीवर महाराष्ट्रात आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैलांच्याही आहे, म्हणून त्या कवट्यांच्या वाटेला आम्ही जात नाही. बोकड, मेंढा आणि म्हैस एवढ्यांत शिकायला भरपूर आहे.

मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने तीन वेळा पेरॉक्साइड केलेली कवटी माझ्याकडे आणली. शिंगांच्या बुडाला तांबूस कडं, डाव्या जबड्यावर रुपयाएवढा डाग, आणि कपाळाला बोट लावलं की पांढरी पूड. पाचव्यांदा बदललेलं पाणी स्वच्छ निघालं. आठ दिवसांनी तिने कागद बघितला तर जबड्याखाली अजून एक फिकट वर्तूळ होतं. ती काही न बोलता पाणी तापवायला गेली. ड्रम आणखी दोन आठवडे गच्चीवर राहिला.

ती कवटी आता सागाच्या पाटावर पितळी स्क्रूने बसवली आहे, हाड आणि लाकूड यांच्यामध्ये नमद्याचा तुकडा आहे. पाटाच्या मागे पेन्सिलीने तारीख लिहिली आहे. या मे महिन्यात आम्ही जबड्याखाली कोरा कागद सरकवून कपाट बंद केलं आणि पंधरा दिवसांनी उघडलं. कागद कोरा होता.